बियांचे तेल आणि कातडीवरचे वण

(महिला आरोग्य मेळाव्यात आम्ही दोघींनी मिळून केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



आजच्या मेळाव्यात बोलण्यासाठी संस्थेने आम्हांला विषय विचारला, तेव्हा रक्तदाब, मधुमेह, पंडुरोग असे नेहमीचे विषय डोळ्यांसमोर आले. ते महत्त्वाचे आहेतच. परंतु आम्ही दोघी परिचारिका. आमच्या नोकरीची बरीच वर्षे मुंबईतील एका रुग्णालयाच्या जळीत विभागात गेली. तेथे एक प्रश्न आम्हांला जितक्या वेळा विचारला गेला, तितका दुसरा कुठलाही विचारला गेला नसेल. रुग्ण वाचला, जखम भरली, घरी जायचा दिवस उजाडला, की आई, बहीण, सासू, कोणीतरी आम्हांला बाजूला घेऊन हळूच विचारी, "सिस्टर, डाग जाईल ना? कुठलं तेल लावू?" म्हणून आज त्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे असे आम्ही ठरवले.

हा विषय काहींना किरकोळ वाटेल. जीव वाचला, मग डागाचे काय एवढे? असे म्हणणाऱ्याच्या अंगावर बहुधा वण नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा रॉकेलच्या स्टोव्हचे भडके हे मोठे कारण होते. आज घरोघरी गॅस आला आहे, तरी उकळते पाणी, चहा, फोडणीचे तेल आणि दिवाळीचे फटाके आहेतच. ही माणसे बरी होऊन आपल्याच वस्तीत परत येतात. त्यांची शाळा, नोकरी, लग्न या सगळ्यांत तो वण आडवा येतो. त्यात भर म्हणजे "पंधरा दिवसांत डाग गायब" असे सांगून बाटली विकणारा दारात उभाच असतो. तेव्हा खरे काय आणि खोटे काय, हे कळणे गरजेचे आहे.

आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. जे पाहिले, जे डॉक्टरांकडून शिकलो आणि जे वाचून तपासले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

वण कसा तयार होतो?

आपल्या कातडीचे दोन मुख्य थर असतात. वरचा पातळ थर सतत नवा होत असतो. साधे खरचटले तर तेवढाच थर जातो आणि काही दिवसांत मागमूस राहत नाही. पण भाजणे, कापणे, शस्त्रक्रिया किंवा खोल फोड यांनी खालचा जाड थर फाटला, तर शरीर तेथे घाईघाईने ठिगळ लावते. हे ठिगळ कोलॅजन नावाच्या तंतूंचे असते. चांगल्या कातडीत हे तंतू बाजेच्या विणीसारखे आडवे-उभे गुंफलेले असतात. ठिगळात ते दाटीने, बरेचसे एकाच दिशेने पडतात. म्हणून वण कडक लागतो, ओढतो आणि वेगळा दिसतो.

हे ठिगळ एका दिवसात पक्के होत नाही. जखम बंद झाल्यावरही आत काम चालूच असते आणि ते वर्षभर, कधी दोन वर्षेही चालते. सुरुवातीला वण लाल, जाड आणि खाजरा असतो. पुढे तो हळूहळू मऊ व फिकट होत जातो. तरीसुद्धा वणाची ताकद मूळ कातडीइतकी कधीच होत नाही, फार तर ८० टक्के होते. यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की, वण पूर्णपणे नाहीसा करणारे कुठलेही औषध नाही. दुसरी ही की, पहिले वर्ष फार मोलाचे असते, कारण वण अजून घडत असतो आणि त्याला वळण लावता येते.

आणखी एक गोष्ट. खोल वणात घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी उरत नाहीत. चांगली कातडी स्वतःला स्वतः तेल लावते, वणाला ते जमत नाही. म्हणून तो कोरडा पडतो, तडकतो आणि रात्री झोपू न देणारी खाज सुटते. खाजवले की पुन्हा जखम होते आणि पुन्हा नवा वण पडतो. बियांच्या तेलाचे खरे काम येथे सुरू होते.

तेल काय करते आणि काय करीत नाही?

तेल वणावर पातळ थर धरते आणि आतला ओलावा उडू देत नाही. ओलावा टिकला की वण मऊ राहतो आणि खाज कमी होते. तसेच तेलामुळे बोटे घसरतात, त्यामुळे न सोलवटता दाबून चोळता येते. तेलाची ही दोन कामे आहेत. तेल आत खोल शिरून तंतू वितळवते, कातडी गोरी करते किंवा खड्डे भरून काढते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

बियांच्या तेलाला मुळीच गुण नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने मालिश करून पाहिली होती. त्याचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. अशा बाळांची कातडी इतकी नाजूक असते की तिच्यातून रोगजंतू आत शिरतात. ज्या बाळांना हे तेल लावले त्यांच्यात रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे योग्य तेल कातडीचे कुंपण मजबूत करते. पण कुंपण मजबूत करणे वेगळे आणि जुना वण पुसणे वेगळे.

दुसरे उदाहरण 'ई' जीवनसत्त्वाचे. हे जीवनसत्त्व बियांच्या तेलांत निसर्गतःच असते. त्याच्या कॅप्सूल टोचून वणावर पिळण्याची पद्धत आपल्याकडे फार पसरली आहे. १९९९ साली अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. १५ रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या वणाचे दोन भाग करून एका भागावर साधे मलम आणि दुसऱ्या भागावर 'ई' जीवनसत्त्व मिसळलेले तेच मलम लावले. ९० टक्के रुग्णांत 'ई' जीवनसत्त्वाने एकतर काहीच फरक पडला नाही, किंवा वण अधिक वाईट दिसू लागला. शिवाय एक तृतीयांश रुग्णांना पुरळ आले. चाचणी लहान होती हे खरे, पण महाग ते गुणकारी असे समजणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी.

एका मुलीची हकिगत

आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अकरा वर्षांची एक मुलगी अंघोळीच्या कढत पाण्याने भाजली होती. उजव्या हाताचा कोपर आतल्या बाजूने भाजला होता. जखम चांगली भरली. घरी सोडताना आईने नेहमीचा प्रश्न विचारला आणि आम्ही घाईत नेहमीचे उत्तर दिले, "तेल लावत जा."

आठ महिन्यांनी ती मुलगी पुन्हा आली. कोपर काटकोनात आखडला होता आणि हात सरळ होत नव्हता. तिच्या आईने दारावर आलेल्या विक्रेत्याकडून महागडे तेल घेतले होते आणि उधारी करून दर महिन्याला नवी बाटली आणली होती. लेकीला दुखू नये म्हणून ती माउली ते तेल पिसाने लावीत होती! हात दुमडून ठेवला की मुलीला बरे वाटे, म्हणून तो तसाच ठेवू देत होती. ती आम्हांला म्हणाली, "सिस्टर, एक दिवस चुकवला नाही हो. मग चुकलं कुठं?"

चूक तिची नव्हती, आमची होती. तेल लावा एवढे आम्ही सांगितले. दाबून चोळा, हात सरळ ताणा, रात्री फळी बांधून सरळ ठेवा आणि दर महिन्याला दाखवायला या, हे सांगायचे राहिले. भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत त्याची कातडी आखडते, हा जळीत विभागातला पहिला धडा. तो आम्हांला ठाऊक होता, त्या आईला नव्हता. त्या मुलीची शस्त्रक्रिया करावी लागली, मांडीची कातडी काढून कोपरावर लावावी लागली. हात बराच सुधारला, पण शाळेचे एक वर्ष वाया गेले.

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी ठरवले, की "तेल लावा" हे दोन शब्द बोलून कोणालाही घरी पाठवायचे नाही. आजचे भाषण म्हणजे त्या आईला तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

कोणते तेल घ्यावे?

आपल्या घरात जे आहे, तेच बहुधा पुरते.

तीळ तेल : मध्यम दाट, सहज मिळणारे. मालिशसाठी आमच्या पसंतीचे. मात्र काहींना तिळाची ॲलर्जी असते.

करडई व सूर्यफूल तेल : मराठवाडा-सोलापूरकडच्या भगिनींना करडई सांगायला नको. या दोन्ही तेलांत लिनोलिक आम्ल भरपूर असते, साध्या करडईच्या तेलात तर सुमारे तीन चतुर्थांश. कातडीचे वरचे कुंपण बांधायला हे आम्ल लागते. हलके तेल असल्याने उन्हाळ्यात बरे पडते.

खोबरेल : खोबरे हाही नारळाच्या बीचाच गर. कोरड्या वणाला व खाजेला चांगले. पण चेहऱ्यावर मुरुमे येत असतील तर लावू नये, छिद्रे बुजून मुरुमे वाढू शकतात आणि मुरुमांचेच नवे वण पडतात.

कोकमतेल : कोकणातल्या मंडळींना हे ओळखीचे आहे. रातांब्याच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेली चरबी काढतात. थंड झाली की तिचा घट्ट गोळा होतो. टाचांच्या भेगांना आपल्या आज्या तोच लावीत आल्या. हाताच्या उबेने तो वितळतो आणि बराच वेळ टिकतो. रात्री लावायला उत्तम.

एरंडेल : फार दाट व चिकट. एकटे लावण्यापेक्षा तिळाच्या तेलात थोडे मिसळावे.

जवसाचे तेल : गुणी आहे, पण हवा लागली की लवकर खवट होते. लहान बाटलीत, थोडेच आणावे.

परदेशी गुलाबाच्या बियांचे आणि आणखी कसकसल्या बियांचे तेल हल्ली फार खपते. ते वाईट नाही, पण त्याच्या किमतीला साजेसा अधिक गुण सिद्ध झालेला नाही. गरोदरपणात पोटावर चरे पडू नयेत म्हणून कोकोच्या बियांचे लोणी चोळतात. त्याच्याही चाचण्या झाल्या आणि साध्या मलमापेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. ज्यांना परवडते त्यांनी हौसेने लावावे, पण कर्ज काढून लावू नये.

तेल कोणतेही घ्या, वास न मिसळलेले घ्या. बाटली उन्हापासून दूर ठेवा. खवट वास आला तर ते दिव्याला वापरा, अंगाला नको.

ही तेले वणावर नकोत

बी झाडाची आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, ही समजूत चुकीची आहे. बिब्ब्याचेच पाहा. त्याचे तेल अंगाला लागले तर कातडी भाजते, फोड येतात आणि काळा डाग वर्षानुवर्षे राहतो. सांधेदुखीवर बिब्बा लावून नवा वण घेऊन आलेल्या कितीतरी बाया आम्ही पाहिल्या आहेत.

बावचीच्या बियांचे तेल कोडावर लावतात. भाजल्यानंतर कातडीचा रंग जाऊन पांढरा डाग राहिला, की शेजारीण हमखास बावची सुचवते. बावचीत ऊन ओढून घेणारी द्रव्ये असतात. ती लावून उन्हात गेले तर जोरात भाजते. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय तिला हात लावू नये.

मोहरीच्या तेलात झोंबणारे द्रव्य असते, कोवळ्या वणाला ते मानवत नाही. निंबोळीचे व करंजाचे तेल खरूज-खाजेवर जुन्या काळापासून वापरतात, पण नव्या वणावर ती जळजळ करू शकतात. वापरायचीच असतील तर दुसऱ्या तेलात अगदी थोडी मिसळावी आणि आधी चाचणी घ्यावी.

तेल कसे लावावे?

१) जखम पूर्ण बंद होईपर्यंत तेल लावू नये. खपली, ओल, पू असेल तर मुळीच नाही. टाके काढल्यावर साधारण दोन-तीन आठवडे थांबावे आणि डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

२) आधी चाचणी घ्यावी. कोपराच्या आतल्या चांगल्या कातडीवर दोन थेंब लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज, पुरळ आले तर ते तेल सोडून द्यावे.

३) कोमट पाण्याने धुऊन, टिपून घ्यावे. वजरीने किंवा काथ्याने घासू नये. घासून वण जात नाही, उलट काळा पडतो.

४) तेलाचे चार-पाच थेंब पुरतात. बोटाच्या पेराने वणावर दाब द्यावा. वण फिका पडेल इतका दाब असावा, पण कातडी सोलवटू नये. आधी गोल, मग उभे, मग आडवे फिरवावे. वण खालच्या मांसावरून हलला पाहिजे, नुसते वरचे तेल घसरता कामा नये.

५) प्रत्येक वेळी दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा, किमान सहा महिने. फोड आला तर तेवढा भाग बरा होईपर्यंत थांबावे.

६) वण सांध्यावर असेल तर चोळून झाल्यावर तो सांधा सावकाश पूर्ण ताणावा. हे सर्वांत महत्त्वाचे.

७) ऊन टाळावे. नवा वण उन्हात लवकर काळवंडतो आणि आपल्या सावळ्या कातडीत तो काळेपणा जास्त दिवस टिकतो. पदर, ओढणी, लांब बाह्या हे सर्वांत स्वस्त औषध आहे. चेहऱ्याला शक्य असेल तर ऊन रोखणारे मलम लावावे. तेल लावून उन्हात बसू नये.

चोळण्याने प्रत्येकाचा वण सारखाच सुधारेल, अशी हमी शास्त्र देत नाही. पण खाज, ताण आणि कडकपणा यांत बऱ्याच जणांना आराम पडतो, हे आम्ही पाहिले आहे आणि यात पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो वेळ आणि घरातल्या माणसाचा हात. आमच्याकडे एक सून पाठीला आणि खांद्याला भाजून आली होती. तिचा हात स्वतःच्या पाठीवर पोचत नसे. तिची सासू रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाच्या तिळाच्या तेलाने चोळी आणि चोळता चोळता सुनेकडून भिंतीवर हात वर सरकवून घेई. कोळशाने भिंतीवर खुणा करून ठेवल्या होत्या. दीड वर्षाने वण होताच, पण मऊ झाला होता, आणि सर्वांत वरची खूण दरवाजाच्या चौकटीच्याही वर गेली होती.

तेलाने जे होत नाही

काही वण तेलाच्या आवाक्याबाहेरचे असतात. ते ओळखून वेळेवर डॉक्टरांकडे जावे.

वण जाड होऊन मूळ जखमेच्या सीमेबाहेर पसरत असेल तर तो केलॉइड असू शकतो. कान टोचल्यावर पाळीला, लस टोचलेल्या दंडाला किंवा छातीवर तो येतो. त्याला चोळून उपयोग नाही आणि घाईने कापला तर पुष्कळदा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो. त्यात डॉक्टर स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. जखमेच्या सीमेत राहूनच जाड झालेल्या वणासाठी सिलिकॉनची पट्टी आहे. २००२ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून वणांवरील उपचारांच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत सिलिकॉन पट्टी आणि हे इंजेक्शन यांना पहिले स्थान दिले आहे, तेलाला नाही. पट्टी दिवसातून बारा तास किंवा जास्त, काही महिने लावावी लागते. मोठ्या जळीत वणांसाठी अंगाला घट्ट बसणारे दाबाचे कपडे देतात. ते अंघोळीची वेळ सोडून जवळजवळ दिवसभर घालायचे असतात. मुंबईच्या उकाड्यात ते नको होतात, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी काढून ठेवू नका.

सांधा आखडू लागला असेल, मान वळत नसेल, पापणी मिटत नसेल, तर एक दिवसही तेलात घालवू नका. देवी, कांजिण्या किंवा मुरुमे यांचे खोल खड्डे तेलाने भरत नाहीत. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, पण ते वण घेऊन जगणारी वडीलधारी माणसे आजही आपल्यात आहेत. त्यांना आता कोणी तेल विकू नये.

आणि प्रत्येक डाग हा वण नसतो. जखम झाल्याचे आठवत नाही, फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तेथे स्पर्श कळत नाही, असे असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. फार पूर्वी त्यावर कडू कवठाच्या बियांचे तेल हाच उपाय होता. रुग्णांनी ते प्यायले, टोचून घेतले, फार सोसले. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि ते तेल मागे पडले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आज हा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो. असा चट्टा तेल लावून झाकत बसणे म्हणजे हाताची बोटे गमावण्याची वाट पाहणे होय.

तसेच औषधाच्या दुकानातून कोणाच्या तरी सांगण्यावरून "डागाची ट्यूब" आणू नये. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असते. आठ दिवस चेहरा उजळ वाटतो, पुढे कातडी पातळ होते आणि केस व पुरळ येतात.

पहिली वीस मिनिटे

वण कमी करायचा सर्वांत चांगला उपाय भाजल्यानंतरच्या पहिल्या वीस मिनिटांत असतो आणि त्यात तेल नाही. भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज यायच्या आत काढावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, तेल यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कपड्याने सैल झाकून दवाखान्यात न्यावे. तेलाची पाळी पुढे काही आठवड्यांनी येते. त्याच तेलाने पहिल्या दिवशी नुकसान होते आणि दोन महिन्यांनी उपयोग होतो, हा फरक घरातल्या लहान मुलांनाही शिकवा.

शेवटी थोडे

भगिनींनो, एवढे सगळे करूनही वण थोडा राहणारच. तो राहिला म्हणून त्या माणसात काही उणे होत नाही. आपण मात्र त्याला उणे करतो. लग्नाच्या बैठकीत मुलीच्या बाहीकडे पाहतो, बारशाला भाजलेल्या बाईच्या हातात बाळ देत नाही आणि भेटेल त्याला "कसं झालं गं?" असे विचारून तीच आग पुन्हा आठवायला लावतो. आमच्या अनुभवाने सांगतो, रुग्णाला कातडीच्या ओढीपेक्षा या नजरेची ओढ जास्त दुखते. त्यावर कुठल्याच बीचे तेल निघत नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

तेव्हा आमचे मागणे एवढेच आहे. आपल्या गल्लीत, चाळीत, गावी कोणी भाजून बरे झाले असेल तर त्याच्या घरी जा. बाटलीचे नाव सुचवू नका. हात सरळ होतो का ते विचारा. घरात चोळणारे कोणी नसेल तर आठवड्यातून दोन दिवस तुम्ही दहा मिनिटे द्या. सांधा ओढत असेल तर सोबत घेऊन दवाखान्यात जा.

ती मुलगी आता संसारी बाई आहे. मागे एकदा तिने आम्हांला रस्त्यात ओळखले आणि हाक मारली. हात हलवला तो उजवाच. अजून पुरता सरळ होत नाही, आम्ही लगेच पाहिले. नोकरीतली सवय, दुसरे काय!

मेळावा संपल्यावर आम्ही दोघी मागच्या टेबलापाशी थांबणार आहोत. ज्यांना वण दाखवायचा असेल त्यांनी संकोच न करता यावे. तेलाची बाटली आम्ही आणलेली नाही. दाबून कसे चोळायचे, ते मात्र तुमच्या हाताने करवून घेऊ.